एका हेडला दोन जागा कशा सापडणार?

कॉम्प्युटरच्या पडद्यावर सी आणि डी अशी दोन नावं दिसली, की आत दोन डिस्क आहेत असं आपण धरून चालतो. पुष्कळदा आत हार्ड डिस्क एकच असते आणि तिचेच दोन भाग पाडलेले असतात. हा फरक किती मोठा आहे, ते त्या डबीच्या आत काय चालतं हे कळलं की उमगतं.

आत आरशासारख्या गुळगुळीत चकत्या फिरत असतात. डेस्कटॉपच्या अनेक डिस्कमध्ये मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०! साडेतीन इंची डिस्कमध्ये चकतीची कड ताशी सुमारे १३० किलोमीटर वेगाने धावते. तिच्यावरून, तिला न टेकता, काही मोजक्या नॅनोमीटरवरून वाचणारं-लिहिणारं हेड तरंगत असतं. आपला केस जवळपास ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. हेडला तोलून धरते ती चकतीबरोबर ओढली जाणारी हवा. काही मोठ्या डिस्कमध्ये हेलियम.

सगळ्या चकत्यांवरची हेडं एकाच दांड्याला जोडलेली असतात, त्यामुळे ती एकत्रच हलतात. सीवरची मोठी फाइल डीवर कॉपी करताना त्यांना थोडं वाचायचं, उडी मारायची, थोडं लिहायचं आणि परत यायचं असतं. एकट्याने पोळ्या लाटायच्याही आणि भाजायच्याही, तसं हे. हेड जागेवर पोचून हवा तो भाग खाली येईपर्यंत सरासरी बारा-तेरा मिलिसेकंद जातात. तेवढ्यात ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे साडेतीन कोटींहून अधिक ठोके पडून गेलेले असतात!

आता कॅबिनेटमध्ये खरोखरची दुसरी डिस्क बसवा. मदरबोर्डला एक साटा केबल, एसएमपीएसमधून वीज, बस्स. एक डिस्क सलग वाचते, दुसरी सलग लिहिते, आणि त्या उड्या जवळजवळ संपतात. व्हिडिओ एडिट करणारे मूळ चित्रण एका डिस्कवर ठेवून तयार फाइल दुसरीवर उतरवतात, ते यासाठीच. विंडोज एसएसडीवर आणि फोटो-सिनेमे हार्ड डिस्कवर, ही आजची रुळलेली जोडीही उत्तम. एसएसडीत हलणारा भागच नसतो.

दोन डिस्कना एकच मजकूर एकाच वेळी लिहायलाही सांगता येतं. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली स्वस्त डिस्कच्या समूहांवर निबंध मांडला आणि ‘रेड’ हे नाव रूढ झालं. त्यातल्या रेड-१ मध्ये एक डिस्क बंद पडली तरी दुसरीवर काम चालू राहतं. मात्र चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून त्याच क्षणी जाते.

म्हणून नवा पीसी असेंबल करून घेताना दुसऱ्या डिस्कचे पैसे जरूर बाजूला ठेवा, आणि मोलाच्या फाइलींची आणखी एक प्रत त्या कॅबिनेटच्या बाहेर ठेवा.