दम्याची गोळी आणि ल्युकोट्राइन

भोपाळ शहराच्या पूर्व अंगाला, भेल कारखान्याच्या वसाहतीलगत, सोनागिरी नावाचा भाग आहे. कामगार राज्य विमा योजनेचे रुग्णालय तेथेच आहे. कारखान्याच्या निमित्ताने निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे या परिसरात स्थिरावली. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. पावसाळा सरून हवेत गारवा आला, की इतर शहरांप्रमाणे येथेही शिंका, खोकला आणि धाप यांचे दिवस सुरू होतात, आणि घरच्या औषधांच्या डब्यात एक लहानशी गोळी हटकून दिसू लागते. तिचे नाव माँटेलुकास्ट. पुष्कळदा ती शिंका आवरणाऱ्या लेव्होसेटिरिझीनच्या जोडीने एकाच गोळीत मिळते. ही गोळी दम्यावर काय करते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करीत नाही, हे कळण्यासाठी ल्युकोट्राइन या द्रव्यांची ओळख करून घ्यावी लागते.

श्वासनलिकेभोवती स्नायूंचे वेटोळे असते आणि आतून ओलसर अस्तर असते. दमेकऱ्याच्या श्वासनलिका मुळातच हळव्या. धूळ, परागकण किंवा धूर आत गेला, की स्नायू आवळतात, अस्तर सुजते आणि चिकट कफ सुटतो. पावसाळ्यात लाकडी दार फुगून चौकटीत अडकते, तशी काहीशी आतल्या वाटेची गत होते. मग श्वास सोडणे हेच कष्टाचे काम होऊन बसते.

हे सारे घडविणारे द्रव्य कोणते? प्रथम संशय गेला तो हिस्टामिनवर. परंतु हिस्टामिनला अडविणारी औषधे आली, त्यांनी शिंका व अंगावरची खाज थांबविली, दमा मात्र तसाच राहिला. याचा उलगडा होण्याचा धागा आधीच हाती आला होता. १९३८ साली ऑस्ट्रेलियात फेल्डबर्ग व केलावे हे शास्त्रज्ञ प्राण्यांच्या फुप्फुसांवर नागाच्या विषाचा काय परिणाम होतो हे पाहत होते. त्या फुप्फुसांतून हिस्टामिनखेरीज आणखी एक द्रव्य बाहेर पडले. त्याने स्नायू हळूहळू आवळत आणि बराच वेळ आवळलेले राहत. पुढे ब्रॉकलहर्स्ट यांनी १९६० साली दाखविले की अॅलर्जीच्या वेळी फुप्फुसांतून हेच द्रव्य सुटते. तरीही त्याची घडण कळायला १९७९ साल उजाडावे लागले. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत बेंग्ट सॅम्युएल्सन यांनी ती उलगडली. पांढऱ्या पेशींत सापडलेले व तीन दुहेरी बंधांची साखळी असलेले म्हणून त्याला ल्युकोट्राइन हे नाव मिळाले. सॅम्युएल्सन यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक बर्गस्ट्रॉम व वेन यांच्यासमवेत मिळाले.

हिस्टामिन पेशींत भरून ठेवलेले असते. ल्युकोट्राइन मात्र गरज पडेल तेव्हा ताजे तयार होते. पेशीच्या आवरणातील स्निग्ध द्रव्यापासून अॅराकिडोनिक आम्ल सुटते आणि त्याला दोन वाटा फुटतात. एका वाटेने प्रोस्टाग्लँडिन बनतात, दुसरीने ल्युकोट्राइन. या कुळातील बी-४ हे पांढऱ्या पेशींना सुजेच्या जागी बोलावून आणते. जंतूंशी लढताना ते शरीराच्या उपयोगीच पडते. सी-४, डी-४ व ई-४ ही भावंडे श्वासनलिका आवळतात आणि अस्तर सुजवितात. हिस्टामिनच्या तुलनेत त्यांची आवळण्याची शक्ती सुमारे हजारपट भरते.

दोन वाटांची ही गोष्ट घरगुती उपचारांशीही निगडित आहे. अॅस्पिरिन पहिली वाट बंद करते. काही दमेकऱ्यांत त्यामुळे ल्युकोट्राइनवरचा लगाम सुटतो आणि थोड्याच वेळात तीव्र धाप लागते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या वेदनाशामकांनीही असे होऊ शकते. डोके दुखले म्हणून दुकानातून गोळी आणताना अशा रुग्णाने हे ध्यानात ठेवावे.

माँटेलुकास्टला अमेरिकेत १९९८ साली मान्यता मिळाली. ल्युकोट्राइन पेशीवरील ज्या कुलपात किल्लीप्रमाणे बसते, ते कुलूप ही गोळी आधीच अडवून ठेवते. पण दम्याच्या घराला असे एकच दार नाही. सुजेची मुख्य मोहीम स्टेरॉइडच्या श्वासावाटे घ्यावयाच्या औषधाने आटोक्यात येते. गोळी ही बहुधा त्याच्या जोडीची. स्टेरॉइडने ल्युकोट्राइनची निर्मिती फारशी आटत नाही, म्हणून ही जोड काहींना चांगली लागू पडते. आपल्याकडे मात्र उलटा प्रकार दिसतो. पंपाची सवय लागते, ही समजूत दृढ; चारचौघांत तो तोंडाला लावण्याची लाज; लग्नाच्या मुलीला तर तो लपवावा लागतो. त्यामुळे पंप कपाटात आणि गोळी पाण्याबरोबर पोटात. वास्तविक पंपातून स्टेरॉइड अगदी अल्प मात्रेत, तेही थेट श्वासनलिकेत पोचते. गोळीने ऐन वेळी आलेला झटका मात्र थांबत नाही.

भोपाळमध्ये धापेला आणखी एक दुःखद इतिहास आहे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुटलेल्या मिथिल आयसोसायनेटने असंख्यांची फुप्फुसे जखमी केली. विषाने फुप्फुसाला कायमचे व्रण पडले असतील, तर ल्युकोट्राइनचे कुलूप अडवून ते भरत नाहीत. तेव्हा धाप लागणाऱ्या प्रत्येकाला दमाच आहे असे धरून शेजाऱ्याची गोळी देणे बरोबर नाही. फुंकून पाहण्याची श्वासचाचणी आधी व्हावी.

या गोळीला निरुपद्रवी समजण्याचाही प्रघात आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये तिच्या वेष्टनावर ठळक इशारा छापण्यास लावले. काही रुग्णांत भयंकर स्वप्ने, चिडचिड, खिन्नता आणि आत्मघाताचे विचार आढळले होते. साध्या नासिकाविकारासाठी इतर औषधे चालत असतील तर ही देऊ नये, असेही त्या वेळी सांगण्यात आले. गोळी सुरू केल्यापासून मूल रात्री ओरडून उठू लागले किंवा एकाएकी अबोल झाले, तर आईने ते डॉक्टरांना त्याच आठवड्यात सांगावे.