तीन पौंडांचा कर आणि कोतळूकचे गोखले

कोकणातल्या घरटी एक तरी माणूस बाहेरगावी असतो. आधी मुंबईची गिरणी, मग बोटीवरची नोकरी, मग आखात. त्याहीआधी, एकोणिसाव्या शतकात, मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर मुंबई बंदरातून जे मराठी मजूर गेले त्यांत रत्नागिरीकडचे पुष्कळ होते. खाडीकाठचे कोकणी मुसलमान थेट केपटाउनला जाऊन राहिले. परमुलखात राबणाऱ्या अशा माणसांच्या हक्कासाठी सारा देश ज्यांनी जागा केला, ते गोपाळ कृष्ण गोखलेही याच जिल्ह्यातले, गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचे. जन्म ९ मे १८६६. महाराष्ट्राने त्यांच्यावर ‘मवाळ’ असा शिक्का मारला आणि विषय संपवला. १९१३ च्या अखेरीस त्यांनी जे केलं ते पाहिलं की हा शिक्का फार तोकडा वाटतो.

प्रकरण दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीचं. १६ नोव्हेंबर १८६० ला ‘ट्रूरो’ नावाचं जहाज मद्रासहून गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध, मजूर घेऊन दरबानच्या बंदराला लागलं. पुढच्या पन्नास वर्षांत दीड लाखांवर माणसं तिकडे गेली. करार पाच वर्षांचा. पगार पहिल्या वर्षी महिना १० शिलिंग, दरवर्षी एकेक शिलिंग वाढ. करार संपल्यावर काहींनी जमिनी कसल्या, भाजीपाला पिकवला, छोटी दुकानं घातली. गोऱ्यांना हे खुपलं. १८९५ साली कायदा झाला: करार संपल्यावर जो मायदेशी परतणार नाही आणि नवा करारही करणार नाही, त्याने वर्षाला तीन पौंड भरावेत. पुढे सोळा वर्षांवरचा मुलगा आणि तेरा वर्षांवरची मुलगीही त्यात ओढली गेली. नवरा-बायको आणि दोन वाढती मुलं असलेल्या घराला वर्षाला १२ पौंड. गिरमिटातल्या मजुराची पाचव्या वर्षाची सगळी कमाई मिळूनही साडेआठ पौंडांच्या आतच भरायची. म्हणजे कर वसूल व्हावा यापेक्षा माणूस पुन्हा मळ्यात यावा किंवा बोटीत बसावा, हाच हेतू.

काम हवं, माणूस नको, ही वृत्ती काही नाताळपुरती नव्हती. आज रत्नागिरीत कलमांच्या बागेत राखणीला नेपाळी असतो, मच्छीमार बोटींवर खलाशी नेपाळी असतात. त्यांच्या हिशेबात खोट निघाली तर त्यांनी दाद कुणाकडे मागायची, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

गोखल्यांनी नेमकं मर्म ओळखलं होतं. मळेवाल्यांना मजूर हवेत ना, मग मजूरच देऊ नका. २५ फेब्रुवारी १९१० ला त्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात नाताळसाठी गिरमिटिया भरती बंद करण्याचा ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. १ जुलै १९११ पासून नाताळची भरती थांबली. बहिष्काराचं हे हत्यार सभागृहात घडलं म्हणून त्याची धार कमी होत नाही. ४ मार्च १९१२ ला त्यांनी पुढचा घाव घातला, सगळ्याच वसाहतींची गिरमिट पद्धत बंद करा म्हणून. सरकारी बहुमतापुढे तो ठराव पडला.

त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला ते केपटाउनला उतरले. या दौऱ्यातला एक प्रसंग तिथे हिंदी लोकांचा लढा चालवणाऱ्या गांधीजींनी लिहून ठेवला आहे. जोहान्सबर्गच्या सभेत गोखल्यांनी मराठीत बोलावं, असा गांधीजींचा आग्रह होता, कारण तिथे कोकणी मुसलमान होते, काही महाराष्ट्रीय हिंदू होते. गोखल्यांना हसू आलं. गांधीजींचं हिंदुस्तानी त्यांनी ऐकलेलं होतं, आता हे मराठीचा अनुवाद कसा करणार? पण ते मराठीत बोलले, गांधीजींनी अनुवाद केला, आणि तिथून झांझिबारपर्यंत हाच रिवाज पडला. खाडीकाठ सोडून आलेल्या माणसांना आपल्या मुलखाचा पुढारी आपल्या भाषेत बोलताना ऐकून काय वाटलं असेल!

१४ नोव्हेंबरला प्रिटोरियात पंतप्रधान बोथा आणि मंत्री स्मट्स यांच्याशी बोलणी झाली. तीन पौंडांचा कर जाणार, अशी खात्री घेऊन गोखले परतले. गांधीजींना शंका होती आणि तीच खरी ठरली: असं वचन आम्ही दिलंच नव्हतं, असं स्मट्स म्हणाले. त्यातच मार्च १९१३ मध्ये न्यायमूर्ती सर्ल यांच्या निकालाने हिंदू-मुसलमान रीतीने लागलेली लग्नं बेकायदा ठरली. सप्टेंबरात कस्तुरबांसह सत्याग्रहींची पहिली तुकडी तुरुंगात गेली. शेजारच्या ट्रान्सवाल प्रांतातल्या हिंदी बायका नाताळमधल्या न्यूकॅसलच्या खाणींवर पोचल्या आणि मजुरांना कराची गोष्ट सांगू लागल्या. ऑक्टोबरात खाणी थांबल्या. ६ नोव्हेंबरला २०३७ पुरुष, १२७ बायका आणि ५७ मुलं प्रांतबंदी मोडत ट्रान्सवालच्या दिशेने चालू लागली. पाठोपाठ किनाऱ्यावरच्या उसाच्या मळ्यांतही संप पेटला.

संपावरच्या माणसाला रोज भाकरी लागते. ती पुरवायची जबाबदारी गोखल्यांनी घेतली. मधुमेहाने शरीर पोखरलेलं होतं, तरी अंथरुणावर पडून कारभार चालू होता. आफ्रिकेतून तारा मागवायच्या, त्या वर्तमानपत्रांना द्यायच्या, गावोगावी सभा भरवायच्या, वर्गणी गोळा करायची. रतन टाटांनी या लढ्यासाठी टप्प्याटप्प्याने सव्वा लाख रुपये दिले. गोखल्यांच्या सांगण्यावरून सी. एफ. अँड्र्यूज आणि पिअरसन हे इंग्रज स्नेही नाताळला निघाले. लोकमत इतकं तापलं की नोव्हेंबरअखेर मद्रासच्या भाषणात खुद्द व्हाइसरॉय हार्डिंग यांनी सत्याग्रहींबद्दल उघड सहानुभूती दाखवली. राजप्रतिनिधीने साम्राज्यातल्याच दुसऱ्या सरकारवर जाहीर टीका करावी, ही साधी गोष्ट नव्हती.

मग खरी कसोटी आली. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने सॉलोमन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. त्यातले दोन सभासद हिंदी लोकांच्या विरोधातले म्हणून ओळखले जात, आणि एकाही सभासदाबाबत हिंदी लोकांचं मत विचारलेलं नव्हतं. गांधीजींनी आयोगावर बहिष्कार घातला. गोखल्यांना हे पसंत नव्हतं. हार्डिंग यांनी एवढी बाजू घेतली, आता त्यांना तोंडघशी पाडायचं का, हा त्यांचा सवाल होता. तारांवर तारा गेल्या. आपण शब्द देऊन बसलो आहोत, मागे फिरता येणार नाही, असं गांधीजींनी कळवलं. गोखल्यांनी स्वतःचं मत बाजूला ठेवलं आणि हार्डिंग यांच्याकडे गांधीजींची बाजू मांडली. पैसा आणि वजन आपल्या हाती असताना, जे तुरुंग भोगतात त्यांचा निर्णय आपल्या मनाविरुद्ध मान्य करणं पुढाऱ्याला फार जड जातं. मला गोखल्यांचा मोठेपणा कायदेमंडळातल्या भाषणांपेक्षा या काही दिवसांत अधिक दिसतो.

बहिष्कार टिकला, तरी आयोगाने कर रद्द करण्याचीच शिफारस केली. १९१४ च्या कायद्याने तीन पौंडांचा कर गेला, लग्नांना मान्यता मिळाली. व्यापाराचे परवाने, जमिनीवरची बंधनं, प्रांताप्रांतांतली नाकेबंदी तशीच राहिली. गिरमिट पद्धतही इतर वसाहतींत चालूच होती. १९ फेब्रुवारी १९१५ ला गोखले गेले. १९१६ साली मदनमोहन मालवीयांनी तोच ठराव पुन्हा मांडला. सरकारने तत्त्व मान्य केलं आणि अंमलबजावणीला वेळ मागितला, तेव्हा देशभर पुन्हा सभा झाल्या, स्त्रियांचं शिष्टमंडळ व्हाइसरॉयना भेटलं. मार्च १९१७ मध्ये भरती थांबली. फिजीत अडकलेल्या मजुरांचे उरलेले करार १ जानेवारी १९२० ला रद्द झाले.