पीसी साफ करताय? आधी हे वाचा

दिवाळीच्या साफसफाईत पीसीचाही नंबर लागला असेल, तर एवढं सांभाळा.

🔌 शटडाउन करून प्लग काढा. मग पॉवर बटण 10 सेकंद दाबून धरा. बोर्डावरचा उरलासुरला चार्ज निघून जातो.

🖐️ रॅमला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करा. अंगावरची स्टॅटिक वीज चिप उडवू शकते.

🌀 ब्लोअर मारताना फॅनचं पातं धरून ठेवा, नाहीतर बेअरिंगची वाट लागते.

🧴 जुनी थर्मल पेस्ट पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, पाणी नको.

🔋 लॅपटॉपची फुगलेली बॅटरी स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. भोक पडलं तर आग लागू शकते.

⚠️ एसएमपीएस (पॉवर सप्लाय) तर उघडूच नका! प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा व्होल्टेज राहू शकतो.

#पीसीरिपेअर