एकच एंजिन, दोन स्वभाव

दादाला नोकरी लागली की घरात एक वाद हमखास रंगतो : मोटारसायकल कोणती घ्यायची? लांबच्या सफरीची उंच गाडी, की शहरात चपळाईने वळणारी, आच्छादन नसलेली, जिचे एंजिन उघडे दिसते ती गाडी? वाद बहुधा रंगावर आणि चित्रांवर चालतो. आपण मात्र तो पदार्थविज्ञानाच्या साहाय्याने सोडवून पाहू.

त्यासाठी एक सोयीची जोडी आपल्या महाराष्ट्रातच तयार झाली. पुण्याजवळ चाकण येथील बजाजच्या कारखान्यात केटीएमच्या ‘३९० ड्यूक’ आणि ‘३९० अ‍ॅडव्हेंचर’ या गाड्या बनत. २०२० साली ‘अ‍ॅडव्हेंचर’ भारतात विक्रीस आली, तेव्हा दोन्ही गाड्यांचे एंजिन एकच होते : एक सिलिंडर, ३७३ घन सेंटिमीटर, सुमारे ४३ अश्वशक्ती. म्हणजे शक्ती सारखी. मग स्वभाव वेगळे कशामुळे झाले? पुढील आकडे त्याच काळातील गाड्यांचे आहेत.

प्रथम चाक पाहू. ड्यूकचे पुढचे चाक १७ इंची, तर अ‍ॅडव्हेंचरचे १९ इंची. टायर धरून त्यांच्या त्रिज्या अनुक्रमे सुमारे २९ व ३३ सेंटिमीटर होतात. वाटेत १० सेंटिमीटर उंचीची पायरी आली असे समजा. लहान चाक तिला अधिक उभ्या कोनात भिडते. बलाच्या आघूर्णाचा नियम लावून हिशेब केला, तर तेवढाच भार असलेले लहान चाक पायरीवर चढवण्यास सुमारे १२ टक्के अधिक जोर लावावा लागतो, असे उत्तर येते. बैलगाडीची चाके मोठी का असतात, याचे एक कारण हेच.

आता धक्के. क्रिकेटचा वेगवान चेंडू झेलताना खेळाडू हात मागे नेतो. चेंडू थांबण्यास अधिक अंतर मिळाले की हातावरचे बल कमी होते. चाकाच्या स्प्रिंगा हेच काम करतात. ड्यूकचे पुढचे चाक सुमारे १४२ मिलिमीटर वरखाली होऊ शकते, अ‍ॅडव्हेंचरचे १७० मिलिमीटर. हा पल्ला पुरता वापरला गेला, तर तेवढाच धक्का पचवताना दुसऱ्या गाडीवरील सरासरी बल सुमारे एक-षष्ठांशाने कमी होते.

परंतु निसर्ग फुकट काही देत नाही! पल्ला वाढवायचा तर गाडी उंच करावी लागते. ड्यूकची बैठक जमिनीपासून सुमारे ८३० मिलिमीटर, तर अ‍ॅडव्हेंचरची ८५५. हा अडीच सेंटिमीटरांचा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो. पण बुटक्या चालकाचा पाय उतारावर टेकला नाही, तर दीडशे किलोंहून जड गाडी उभ्या उभ्या कलंडते. शिवाय लांब पल्ल्याच्या स्प्रिंगांमुळे ब्रेक दाबताच गाडीचे नाक अधिक खाली जाते.

वळणाचे काय? वळताना गाडी किती कलावी, हे तिचे वजन ठरवत नाही. कलाच्या कोनाचा टॅन्जंट हा वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या व गुरुत्वत्वरण यांचा गुणाकार, एवढा असतो. ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाने ४० मीटर त्रिज्येचे वळण घेताना दोन्ही गाड्यांना जवळजवळ ३० अंश कलावेच लागते. फरक आहे तो हुकूम पाळण्याच्या तत्परतेत. दोन चाकांच्या आसांमधील अंतर ड्यूकमध्ये सुमारे १३५७ मिलिमीटर, अ‍ॅडव्हेंचरमध्ये १४३०. अंतर कमी असले की हँडलच्या थोड्या हालचालीनेही गाडी चटकन वळते. अंतर अधिक असले की ती सावकाश वळते, पण खडीच्या रस्त्यावर सरळ चालण्याचा हट्ट सोडत नाही.

उरला वारा. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४५ ऐवजी ९० किलोमीटर वेग घेतला की तो चौपट होतो. चालकाचे अर्धा चौरस मीटर अंग वाऱ्यासमोर असेल, तर ९० च्या वेगाला त्यावर सुमारे १९ किलोग्रॅम वजनाइतका दाब पडतो. उघड्या गाडीवर तो तासन्‌तास छातीने आणि मनगटांनी पेलायचा असतो. सफरीच्या गाडीला समोर काच असते ती यासाठी. शहरात मात्र वेगच कमी, तेव्हा काचेचा उपयोगही कमी.

म्हणून ‘कोणती गाडी चांगली?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘कोणत्या रस्त्यासाठी आणि किती उंचीच्या चालकासाठी?’ असे विचारा. रोज शहरातील गर्दीतून डांबरी रस्त्याने जायचे असेल तर पहिली. खडबडीत घाटरस्ते आणि लांबचा प्रवास असेल तर दुसरी.

एका बाबतीत मात्र दोन्ही अगदी सारख्या आहेत. गाडी अखेर थांबते ती टायर आणि रस्ता यांमधील घर्षणाने. घर्षणगुणांक ०.७ धरला, तर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून सुमारे २० मीटरांत थांबते; ९० च्या वेगाला हेच अंतर ४५ मीटरांवर जाते. ब्रेक दाबण्याचे सुचेपर्यंत गेलेले अंतर वेगळेच. यातून कोणतीही किंमत मोजून सवलत मिळत नाही. दादाला गाडीबरोबर चांगले शिरस्त्राण घ्यायला सांगा, ते याचसाठी.

करून पाहा : सायकल उभी धरा. हँडलला हात न लावता, फक्त बैठक धरून ती डावीकडे कलवा. पुढचे चाक आपोआप डावीकडे वळेल. आता हँडलचा दांडा खाली जमिनीपर्यंत वाढवला आहे अशी कल्पना करा आणि ती रेषा जमिनीला कोठे मिळते तेथे खडूने खूण करा. चाक जमिनीला टेकते ती जागा या खुणेच्या पुढे आहे की मागे? अंतर मोजा, आणि चाक आपोआप का वळले याचे उत्तर वर्गात शिक्षकांशी चर्चा करून शोधा.