दिवाळी ते दिवाळी

मोताळ्यात माझ्या मावशीच्या घरी हिशेबाच्या दोन वह्या आहेत आणि एक कालनिर्णय. कालनिर्णयावर फक्त दूध. खाडा असेल त्या तारखेवर फुली, पाहुणे आले म्हणून जास्तीचं घेतलं तर चौकटीच्या कोपऱ्यात बारीक 'अर्धा'. महिना संपला की दूधवाला दारात उभा राहून स्वतःच फुल्या मोजतो. दोन वह्यांपैकी एक आहेराची, तिच्याकडे नंतर येते. मोठी वही दोनशे पानी, शाळेच्या वह्यांबरोबर जूनमध्ये आणलेली. पुढून घरखर्च, मागून वावराचा खर्च. दोन्ही बाजू मधे कुठेतरी एकमेकींना भिडतात आणि दरवर्षी मागची बाजू जास्त पानं खाते.

राजूर घाट उतरून मोताळ्याकडे आलं की सोयाबीन, कपाशी, मका आणि तुरीची रानं सुरू होतात. नळगंगेचं धरण जवळ असलं तरी मावशीचं पाच एकर वावर कोरडवाहू. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आगेमागे येतो, कापसाचा वेचणी होईल तसा पुढे दोन-तीन महिने, तुरीचा त्याहून उशिरा. मग पुढच्या दिवाळीपर्यंत फक्त जाणं. वाणसामान, पेट्रोल, गोळ्या, वीजबिल, क्लासची फी, जूनमध्ये बियाणं आणि खत, जुलैपासून निंदण, फवारणी.

तिच्या मोबाइलमध्ये खर्च लिहायचं एक ॲप टाकून द्यावं असं माझ्या मनात होतं. पहिल्याच पडद्याने विचारलं, मासिक उत्पन्न किती? मावशीने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "महिन्याचा हिसाब पगारवाल्याइचा," ती म्हणाली. "आमचा दिवाळी ते दिवाळी." वर्षाची रक्कम बाराने भागून टाकू, असं मी सुचवलं. त्यावर, जून महिन्याला बारावा हिस्सा पुरतो का, हे तिने विचारलं आणि ॲप तिथेच राहिलं.

मोठ्या वहीची पानं मी तिच्याजवळ बसून पाहत गेले. एकूण किती खर्च झाला हा रकाना त्यांत नाहीच. प्रत्येक ओळीच्या शेवटी असतं ते देण्याचं ठिकाण आणि वेळ. 'किराणा, कापसावर.' 'कृषी केंद्र, सोयाबीन.' 'गट, दर महिना.' बचत गट सोडला तर प्रत्येक उधारी पुढच्या कुठल्यातरी पिकाला बांधलेली. पिकाचा भाव अजून ठरलेला नाही, पण त्यावरचं देणं ठरलेलं आहे.

म्हणून अंदाज धरताना ती भाव पाडून धरते. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि बाजार त्याच्या बराच खाली चालला होता. सरकारी खरेदीला माल न्यायचा तर ओलावा बाराच्या आत हवा होता, पुढे ती अट पंधरा टक्क्यांपर्यंत सैल झाली. दिवाळीच्या तोंडावर वाळवत बसायला ज्याच्याकडे वेळ आणि अंगण दोन्ही नाही, तो व्यापाऱ्याकडे जातो. मावशीने वहीत आधीच ४१०० धरला होता. हमीभावाशी फरक जवळपास आठशेचा, म्हणजे दहा क्विंटलमागे जवळपास आठ हजार. एवढे पैसे तिच्या अंदाजात कधी नव्हतेच, त्यामुळे ते गेले तरी कुठली ओळ अडली नाही. अर्थसंकल्प मांडणाऱ्या मोठमोठ्या लोकांत एवढा सावधपणा मला क्वचितच दिसला आहे.

अवघड आहे ते घर आणि वावर वेगळं काढणं. निंदणाला आलेल्या बायांच्या चहाची साखर पुढच्या बाजूला की मागच्या? मोटरसायकल सकाळी वावरात जाते आणि दुपारी मलकापूरला दवाखान्यात, मग पेट्रोल कुणाचं? मावशी पेट्रोल सगळं वावरावर टाकते आणि साखर सगळी घरावर. यात तर्क नाही, पण दरवर्षी तीच पद्धत असल्याने मागचं वर्ष पुढच्याशी ताडून पाहता येतं. घरातली माणसं स्वतःच्याच वावरात राबतात ते मात्र दोन्ही बाजूंना नाही. कापूस वेचायला बाहेरची बाई आली की किलोवर मजुरी लिहिली जाते, मावशीने वेचलेले किलो कुठेच दिसत नाहीत.

घरच्या तुरीचंही तसंच. इकडे बऱ्याच गावांत अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेली मिनी दाल मिल असते, तिथे वर्षाची डाळ भरडून आणतात. वहीत 'भरडाई' तेवढी सापडते, डाळ नाही. केंद्र सरकारचं कौटुंबिक उपभोग खर्चाचं सर्वेक्षण घरच्या धान्याचीही किंमत धरतं. २०२३-२४ मध्ये ग्रामीण भारतात माणशी दरमहा खर्च सरासरी ४१२२ रुपये निघाला आणि फुकट मिळालेल्या रेशनसारख्या वस्तूंची किंमत मिळवल्यावर ४२४७. मावशीला हे सांगितलं तर म्हणते, "इकत नाही आणली त लिहू काय?" पण डाळीचा डबा किती उतरला हे तिला न लिहिता ठाऊक असतं, तेव्हा ती मोजत नाही असं म्हणवत नाही.

जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे दीड हजार सुरू झाले, तेव्हा वहीत एक नवं पान आलं. या घरात ठराविक रक्कम महिन्यागणिक येणारा हा पहिला पैसा. तो कधी लांबतो, कधी दोन हप्ते एकदम येतात, तरीही. त्याला तिने बचत गटाचा हप्ता बांधून टाकला. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे ही गटाची पंचसूत्री. नियमितपणा दाखवायचा तर पैसाही नियमित लागतो. आधी हा हप्ता ती दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाऊन भरायची.

गटाची खरी गरज मार्चमध्ये पडते. पीककर्ज वेळेत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंत व्याज शून्यावर येतं. पण मार्चमध्ये हातात रोकड कुणाकडे असते? मग गटाकडून, जावेकडून, कुठूनतरी काही दिवसांसाठी पैसे उचलायचे, कर्ज भरायचं, नवं मंजूर झालं की उचल परत करायची. याला नवं-जुनं करणं म्हणतात. कागदावर कर्ज फिटतं, घरात ते वर्षानुवर्षं तसंच असतं. मावशीच्या वहीत या व्यवहाराला दोन ओळी आहेत, एक येण्याची, एक जाण्याची, रक्कम जवळपास तीच.

असं घर भागतं की नाही, हा प्रश्न जुनाच. कृषितज्ज्ञ हॅरल्ड मॅन यांनी १९१७ साली पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास छापला. शेतीवरच भागणारी घरं, बाहेर मजुरी करून भागणारी घरं आणि कशानेच न भागणारी घरं, असे तीन गट त्यांनी पाडले होते. मावशीला मी तिचा गट विचारला. ती म्हणाली, कोणत्या महिन्यात इचारतं त्याच्यावर हाये.

आता आहेराची वही. ही सगळ्यात जुनी, पुठ्ठा दोनदा शिवलेला. लग्न, बारसं, वास्तुशांती. कुणी किती दिले, साडी की टॉवेल-टोपी. समोरच्याकडे कार्य निघालं की आधी ही वही उघडते. आलेल्या रकमेत थोडी भर घालून परत करायची. तेव्हाचे एकशे एक आज तसेच देता येत नाहीत, किती वाढवायचे हे भावकी, अंतर आणि गेल्या वेळचं बोलणं यांवर ठरतं. उन्हाळ्यात लग्नं दाट असतात आणि नेमके तेव्हाच पैसे संपलेले असतात. तरी मावशी किराणा थांबवते, आहेर थांबवत नाही. चैन म्हणून हा खर्च कापायला सांगणारे सल्लागार पुष्कळ आहेत. मार्चमध्ये उचल देणारी नावं आणि या वहीतली नावं त्यांनी एकदा शेजारी ठेवून पाहावीत.

रविवारी संध्याकाळी मोठी वही लिहायची असते. मुलगा फोनमधले व्यवहार मोठ्याने वाचतो, ती लिहिते. वीस रुपये, दहा रुपये, पन्नास. रोख होती तेव्हा खिशातून गेलेलं कळायचं, आता फोन सांगतो पण कशाला गेले ते सांगत नाही. मुलगा एका पन्नासला अडखळला, "आठवत नाही." मावशीने 'आठवत नाही, ५०' असंच लिहिलं आणि पुढचा वाचायला सांगितला.