खापरपणजोबांच्या आई-बापाचं नाव माहीत नाही? जुन्या दप्तरात असा घ्या शोध

सातबारावर आजोबांचं नाव असतं. जुना फेरफार काढला की पणजोबा सापडतात, नशीब असेल तर खापरपणजोबाही. त्यापुढं मात्र बहुतेक घरांची गाडी अडते. १८६०-७० च्या सुमारास जन्मलेल्या या माणसाचे आई-बाप कोण, ते मूळचे याच गावचे की बाहेरून आलेले, हे घरात कुणालाच सांगता येत नाही.

हा प्रश्न आता नुसत्या हौसेचा राहिलेला नाही. २०२३ मध्ये राज्य सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदींसाठी गावोगावचं जुनं दप्तर उघडलं गेलं. नोंद सापडते, पण ती आपल्याच घरातल्या माणसाची आहे हे वंशावळीनं जोडता आलं नाही तर तिचा उपयोग होत नाही. ओबीसी दाखल्याच्या पडताळणीत १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा पाहिला जातो, आणि त्या पुराव्यातला माणूस ते अर्जदार अशी साखळी दाखवावी लागते. मधली एक कडी निसटली की पोराचं ॲडमिशन अडकतं.

आधी घरातली पेटी उघडा

तहसीलला जाण्याआधी घर धुंडाळा. जुनी खरेदीखतं, गहाणखतं, सोसायटीच्या पावत्या, पोथीत ठेवलेल्या जन्मपत्रिका, कोर्टाचे निकाल, सगळ्याचे मोबाईलवर फोटो काढा. भावकीतल्या म्हाताऱ्या माणसांना, खासकरून बायकांना विचारा. कोणती आत्या कुठल्या गावाला दिली, कुलदैवत कोणतं, पितर कोणत्या तिथीला घालतात, हे त्यांच्या पक्कं ध्यानात असतं. कुलदैवत लांबच्या गावचं असेल तर मूळ घर तिकडचं असू शकतं.

'बिन', 'वल्द' आणि 'कोम'

समजा, खापरपणजोबांचं नाव गणू. त्यांचा बाप शोधायचा तर गणूचा मुलगा, म्हणजे आपले पणजोबा, यांच्यापासून मागं जायचं. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्यानं हक्कनोंदी सुरू झाल्या. गणू वारला तेव्हा जमीन मुलांच्या नावावर झाली असेल, तर त्या वारस फेरफारात 'मयत गणू बिन अमुक' असं लिहिलेलं सापडू शकतं. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. मराठवाडा-विदर्भात याच अर्थानं 'वल्द' दिसतं. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. 'सखू कोम भिवा' असं वाचलं तर सखू ही भिवाची बायको, मुलगी नव्हे. इथं फसलं की पुढची सगळी वंशावळ चुकते.

आईचं नाव मिळायची आणखी एक जागा आहे. बाप लवकर गेला आणि पोरगं अज्ञान असलं, तर खात्यावर पोराच्या नावापुढं 'अ.पा.क. आई' म्हणून आईचं नाव लागायचं. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता.

जुना फेरफार शोधताना आजचा गट नंबर चालत नाही. एकत्रीकरणाआधी सर्व्हे नंबर होते. त्यामुळं भूमी अभिलेख कार्यालयातून जुना सर्व्हे नंबर आधी काढून घ्या. अनेक ठिकाणचे जुने सातबारे आणि फेरफार 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेत, तिथं मोबाईलवरही पाहता येतं.

हक्कनोंदीच्या आधीचं काय?

इंग्रजांनी १८३६ पासून इंदापूर तालुक्यात नवी पैमाश लागू केली आणि ती पुढं इतरत्र गेली. त्या मोजणीच्या कागदांत खातेदारांची नावं आहेत. गणूचा बाप जमीन कसत असेल तर तो इथं सापडू शकतो. हे कागद बहुतेक मोडीत असतात. मराठवाड्यात निजामाचं राज्य होतं, तिथलं दप्तर उर्दूत आणि त्याआधीचं फारसीत.

घर पाटील, कुलकर्णी, महार किंवा आणखी कुठल्या वतनदाराचं असेल तर शोध सोपा जातो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इनाम कमिशननं हक्काचे पुरावे मागितले, तेव्हा लोकांनी आपल्या पिढ्या लिहून दिल्या. १८७४ च्या वतन कायद्यानंतरही वारसांच्या नोंदी झाल्या. असं जुनं दप्तर पुणे, मुंबई, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या पुराभिलेखागारांत सांभाळलेलं आहे.

कोतवाल बुक, शाळा आणि तीर्थाच्या वह्या

कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. गणूचा जन्म त्यात नसेल, पण त्याच्या धाकट्या भावंडाचा असू शकतो. म्हणून एकाच नावामागं न लागता आख्खी भावकी शोधा. सख्ख्या भावाचा बाप सापडला म्हणजे गणूचाही सापडला. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाच्या नावापुढं बापाचं नाव आणि जात असते.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्याही पाहा. गाव आणि आडनाव सांगितलं की ते वही काढतात. श्राद्धात वडील-आजोबा-पणजोबा आणि आई-आजी-पणजी अशा तीन पिढ्यांची नावं घेतात. गणू स्वतः कधी तिथं गेला असेल, तर आपल्या आई-बापाचं नाव त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं असणार. कोल्हापूर-सांगली भागात हेळवी आणि इतर ठिकाणी भाट यांच्याकडंही घराण्याच्या वह्या असतात.

बाप सापडतच नाही तेव्हा

अशा वेळी तीन शक्यता तपासा. एक, गणू दत्तक आला असेल. मग सगळीकडं दत्तक बापाचंच नाव असणार. जन्मदात्याचं नाव दत्तकपत्रात किंवा वाटणीच्या दाव्यात मिळेल. दोन, तो घरजावई असेल. मग जमीन सासऱ्याकडून आलेली दिसेल आणि मूळ गाव दुसरं निघेल. तीन, तो दुष्काळात आला असेल. १८७६-७८ आणि १८९६-९७ च्या दुष्काळांत दख्खनची कितीतरी माणसं गाव सोडून गेली, पोरकी पोरं नात्यात नाहीतर परक्या घरात वाढली.

धागा धरायला आपली नाव ठेवायची पद्धत कामी येते. आजोबा वारले की नातवाला त्यांचं नाव, ही रीत जुनी. गणूच्या थोरल्या मुलाचं नाव भिवा असेल आणि गणूच्या भावाच्या घरातही एक भिवा असेल, तर त्यांच्या बापाचं नाव भिवा असण्याची शक्यता वाढते. पण ही फक्त दिशा झाली, पुरावा नव्हे.

साल आणि नाव नीट जुळवा

कागदावर शके असेल तर ७८ मिळवा. शके १८०० म्हणजे इसवी १८७८. पौषाच्या अखेरीपासून फाल्गुनापर्यंतची तारीख असेल तर ७९. मराठवाड्यातल्या फसली सनात साधारण ५९० मिळवायचे. गणू, गणपा, गणोजी ही एकाच माणसाची नावं असू शकतात आणि एकाच गावात तीन गणूही असू शकतात. आडनाव तर पुष्कळ जुन्या नोंदींत नसतंच. म्हणून नाव, गाव, जमीन आणि वय या चारही गोष्टी ताडून पाहा. बाप-लेकाच्या वयात दहाच वर्षांचं अंतर पडत असेल तर माणूस चुकला असं समजा.

नक्कल घ्या, जुळवाजुळव नको

सापडलेल्या नोंदीची तहसील किंवा भूमी अभिलेख कार्यालयातून सही-शिक्क्याची नक्कल घ्या. मोडी कागदाचं लिप्यंतर जाणकाराकडूनच करून घ्या. पुराभिलेख संचालनालय मोडीची परीक्षा घेतं, ती पास झालेली माणसं आता बऱ्याच जिल्ह्यांत आहेत. वंशावळ प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागते. दुसऱ्याचा पूर्वज आपल्या घरात घुसवला, किंवा जुन्या नोंदीत एखादं अक्षर वाढवलं, तर तो गुन्हा आहे. दाखला तर जातोच, पोराची नोकरीही जाऊ शकते.

सगळं शोधूनही नाव मिळालं नाही तर वंशावळीतली ती जागा मोकळी ठेवा आणि कुठलं दप्तर कधी पाहिलं ते खाली लिहून ठेवा. पुढच्या माणसाला तिथूनच सुरुवात करता येईल. दप्तर काही पळून जात नाही. घरातली म्हातारी माणसं मात्र थांबणार नाहीत, तेव्हा वही-पेन घेऊन आधी त्यांच्याजवळ बसा.