कंपोस्टच्या ढिगांत काय घालूं नये

कंपोस्टचा ढीग म्हणजे उकिरडा नव्हे, असें वारंवार सांगितलें जातें. तरी बागेच्या कोपऱ्यांतील ढीग पाहिल्यास तें मनावर घेतलेलें क्वचितच दिसतें. झाडून सारें टाकावें, कुजलें कीं खत झालें, अशी समजूत रूढ आहे. जें कुजतें त्याचें खत होतें हें खरें. परंतु जें कुजत नाहीं किंवा कुजत्या ढिगांतहि जिवंत राहतें, तें खताबरोबर शेतांत परत जातें. म्हणून काय वगळावें याचा विचार आम्ही येथें करीत आहों.

इंदूर येथें आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनीं कंपोस्टची जी पद्धत बसविली व १९३१ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली, तींत ढिगाच्या उष्णतेस मोठें महत्त्व आहे. ढीग नीट रचून ओलावा व हवा राखल्यास आंतील उष्णता ५५ ते ६० अंश सेंटिग्रेडपर्यंत चढते. ती कांहीं दिवस टिकली व ढीग चाळवून कडेचा माल आंत गेला, तर बहुतेक तणांचें बीं व रोगजंतु मरतात. घरच्या बागेंतील ढीग मात्र लहान असतो व रोज थोडाथोडा भरला जातो. तो इतका तापत नाहीं. त्याच्या उष्णतेवर भिस्त ठेवूं नये.

प्रथम तणें. हरळीच्या काशा व लव्हाळ्याच्या गांठी ओल्या ढिगांत मरण्याऐवजीं फुटतात. त्या कडक उन्हांत पूर्ण वाळवाव्या. गाजरगवत फुलण्यापूर्वीं उपटलें तर त्याचें खत उत्तम होतें. फुलल्यावर एकेका झाडास हजारों बिया येतात, तेव्हां तें ढिगांत नको. टारफुल्याचें बीं तर धुळीसारखें बारीक असून जमिनींत वर्षानुवर्षें टिकतें.

दुसरी रोगट झाडें. तुरीच्या मर रोगाची बुरशी धसकटांत राहते. कुजलेलें आलें, मर लागलेली केळ, मुळांवर सूत्रकृमीच्या गांठी आलेलीं वांगीं व टोमॅटो हीं ढिगांत घातल्यास एका वाफ्याचा रोग सर्व बागेस लागतो. तीं बागेबाहेर नेऊन नष्ट करावीं.

राख व चुना हे बेतानेंच. ते अधिक पडल्यास शेणमुतांतील नत्र अमोनिया वायु होऊन उडून जातो. लांकडाची राख निराळी सांठवून थोडीथोडी जमिनींतच द्यावी. दगडी कोळशाची राख भाजीच्या बागेस मुळींच नको. मांस, मासळी व तेलकट अन्न यांवर उंदीर, कुत्रीं व माशा जमतात. कुत्र्यामांजरांच्या विष्ठेंतून जंतांचीं अंडीं पालेभाजीवर येतात. कांचेचे तुकडे, बॅटरीचे सेल आणि दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे कधींच कुजत नाहींत. ते आरंभींच वेंचून काढावे, कारण तयार खतांतून ते वेगळे करणें अशक्यप्राय होतें.

सर्वांत घातक वस्तु मात्र डोळ्यांस दिसत नाहीं. ती म्हणजे तणनाशकाचा अंश. इंग्लंडांत २००८ सालीं अनेक बागाइतदारांचे टोमॅटो, बटाटे व शेंगभाज्या शेणखत घातल्यावर वेड्यावांकड्या वाढल्या. कुरणावर फवारलेलें अमिनोपायरॅलिड नांवाचें तणनाशक गवतांतून जनावरांच्या पोटांत व तेथून न मोडतां शेणांत उतरलें होतें. सर्वच तणनाशकें इतकीं चिवट नसतात. तथापि फवारलेलें गवत, कडबा अथवा त्यावर पोसलेल्या जनावरांचें शेण यांची माहिती असल्याशिवाय तें ढिगांत घेऊं नये.

शंका असल्यास उपाय सोपा आहे. तें खत मातींत मिसळून दोन-तीन कुंड्या भराव्या, तितक्याच कुंड्या नुसत्या मातीच्या ठेवाव्या, व सर्वांत घेवड्याचें बीं लावावें. तीन-चार आठवड्यांत खताच्या कुंड्यांतीलच पानें मुरडलेलीं दिसलीं, तर तें खत भाजीस घालूं नये. कुंडींतील चार रोपें गेलीं तर हानि थोडी. बाग बिघडली तर हंगाम जातो. आमच्या शेतकरी बंधूंनीं विकतचें खत घेतांनाहि ही परीक्षा अवश्य करावी, अशी आमची सूचना आहे.